दुपारी तीनच्या आत

महाराष्ट्रात 'एबी फॉर्म' म्हणतात. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की त्यातला 'ए' गळून पडतो. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर, कुठल्याही कट्ट्यावर बसा, प्रश्न एकच असतो : बी फॉर्म कुणाला? 'ए' हा पक्षाच्या वतीनं सही कोण करणार ते सांगणारा कागद, आणि 'बी' हा उमेदवाराचं नाव सांगणारा. दोन्ही कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पडावे लागतात. तीन वाजून पाच मिनिटांनी आलेल्या बी फॉर्मची किंमत रद्दीइतकी. सीमाभागातल्या माणसाला 'ए'मध्ये रस नाही, कारण तो बेंगळुरूत किंवा दिल्लीत ठरतो. बी फॉर्मही तिथंच ठरतो म्हणा, पण त्यावरचं नाव आपल्या गावचं असतं, एवढाच फरक.

हे नाव ठरतं कसं, आणि ते चुकीचं ठरलं की काय होतं, हे बघायचं असेल तर निपाणीसारखी जागा नाही. 2023 च्या विधानसभेला अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस 20 एप्रिल होता, मतदान 10 मे आणि मोजणी 13 मे. मोजणी बेळगावात टिळकवाडीच्या आर.पी.डी. कॉलेजात झाली. त्या दिवशी कर्नाटकात काँग्रेसची लाट होती. राज्यात 135 जागा, आणि बेळगाव जिल्ह्यात 18 पैकी 11. पण निपाणीत काँग्रेसचा उमेदवार तिसरा आला. तोही कुणी कच्चा उमेदवार नव्हता. काकासाहेब पाटील, तीन वेळा आमदार राहिलेले, मतदारसंघातल्या गावागावात नावानं माणसं ओळखणारे. पहिल्या आल्या भाजपच्या शशिकला जोल्ले, 73,348 मतं. दुसरे आले उत्तम पाटील, 66,056 मतं, चिन्ह घड्याळ. काकासाहेबांना 44 हजारांच्या आसपास. जोल्ले जिंकल्या त्या 7,292 मतांनी, आणि त्यांच्या विरोधात गेलेली दोन पाटलांची मतं एकत्र केली तर बेरीज एक लाख दहा हजारांच्या घरात जाते.

ही बेरीज त्यानंतर निपाणीत फार झाली. मला स्वतःला असल्या बेरजा फारशा पटत नाहीत. दोन उमेदवारांची मतं म्हणजे दोन बादल्यांतलं पाणी नव्हे, एकीत ओतलं की सगळं तिथंच राहतं असं नसतं. पण या निकालातली खरी गोष्ट बेरजेत नाहीच, क्रमांकात आहे. उत्तम पाटलांनी आधी काँग्रेसकडे उमेदवारी मागितली होती. ती काकासाहेबांना मिळाली, आणि उत्तम पाटील राष्ट्रवादीत गेले. म्हणजे काँग्रेसच्या मतदारानं जी निवड आधी, पक्षाच्या आत करायची होती, ती त्याला 10 मे रोजी मतदानयंत्रासमोर उभं राहून करावी लागली. आणि त्यानं ती केली. नवख्याला 66 हजार, जुन्याला 44 हजार. अमेरिकेत याला 'प्रायमरी' म्हणतात. फरक एवढाच की तिथं ती मुख्य निवडणुकीच्या काही महिने आधी होते आणि हरलेला त्या पक्षाच्या चिन्हावर उभा राहू शकत नाही. निपाणीत ती त्याच दिवशी, त्याच यंत्रावर झाली, आणि तिचा निकाल लागेपर्यंत जागा तिसऱ्याच्या खिशात गेली होती.

काकासाहेबांची पिछेहाट एका दिवसाची नव्हती. 1999, 2004 आणि 2008 मध्ये ते जिंकले. 2013 ला शशिकला जोल्लेंनी त्यांना हरवलं, 2018 ला पुन्हा हरवलं, तेव्हा फरक साडेआठ हजारांचा होता. दोनदा हरलेल्या माणसाला तिसऱ्यांदा का, असा प्रश्न बाहेरच्याला पडेल. पक्षाच्या आत तो वेगळा दिसतो. साडेआठ हजार म्हणजे 'जवळजवळ जिंकलेलाच' उमेदवार, त्यात सरकारविरोधी हवा, त्यात त्यांची निष्ठा. पक्षश्रेष्ठींच्या तराजूत निष्ठेला वजन असतं. मतदाराच्या तराजूत ते पारडं रिकामं. जिल्ह्याच्या त्याच टोकाला, अथणीत, त्याच वर्षी नेमकं उलटं घडलं. भाजपनं लक्ष्मण सवदींना डावललं, ते काँग्रेसमध्ये गेले आणि 76,122 मतांनी जिंकले. तिथं डावललेला माणूस जुना आणि वजनदार होता, इथं डावललेला नवा. दोन्हीकडे मतदारानं श्रेष्ठींचा निकाल फिरवला, पण अथणीत डावललेल्याला दुसऱ्या मोठ्या पक्षाचा बी फॉर्म मिळाला होता. निपाणीत मिळाला तो राष्ट्रवादीचा, आणि त्या पक्षाचा राष्ट्रीय दर्जा 10 एप्रिललाच गेला होता. कर्नाटकच्या त्या निवडणुकीपुरतं घड्याळ राहू दिलं गेलं म्हणून चिन्ह तरी राहिलं. मे महिन्याच्या सुरुवातीला शरद पवारांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, मागे घेतला, आणि लगेच ते निपाणीत प्रचाराला आले. कर्नाटकातल्या एका मतदारसंघात महाराष्ट्राचा नेता, महाराष्ट्राचं चिन्ह आणि व्यासपीठावरून मराठी. निपाणीला त्यात काही नवल वाटत नाही. इथल्या देवचंद कॉलेजात शिकायला जाणारा मुलगा रोज सीमा ओलांडतो. कॉलेज ज्या अर्जुननगरात आहे ते कागदोपत्री कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात आहे.

पण उत्तम पाटलांना 'नवखा' म्हणताना थोडं थांबायला हवं. निपाणीनं याआधी एक वेगळा नवखा पाहिलाय. 1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तंबाखूच्या भावासाठी पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला. 14 मार्चपासून बैलगाड्या घेऊन हजारो शेतकरी रस्त्यावर बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला, 12 शेतकरी गेले. आज त्या रस्त्यावरून वाहतूक धावते, आणि गाडीत बसलेल्याला तिथं माणसं तीन आठवडे बसली होती हे सांगूनही खरं वाटत नाही. त्याच काळात प्रा. सुभाष जोशींनी वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि बिड्या वळणाऱ्या बायकांची, देवदासींची संघटना बांधली. तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या गावात, त्यांच्याच वखारीतल्या मजुरांच्या बळावर, ते जनता दलाचे आमदार झाले. त्या नवखेपणाच्या मागे आंदोलन होतं. वखारीच्या दारात उभं राहून भाषण करायचं आणि शिव्या खायच्या, ही त्याची उमेदवारी.

आजच्या नवखेपणाच्या मागे पासबुक आहे. उत्तम पाटील बोरगावच्या अरिहंत उद्योगसमूहाचे. पतसंस्था, सहकार, गावोगाव पसरलेलं जाळं. त्यांच्या समोरच्या जोल्लेंचंही घर त्याच वाटेनं उभं राहिलंय : एकसंब्याची बीरेश्वर पतसंस्था, निपाणीचा हालसिद्धनाथ साखर कारखाना, आमदारकी, मग मंत्रिपद, पती अण्णासाहेबांची 2019 ची चिकोडीची खासदारकी. म्हणजे 2023 ला निपाणीत ज्यांची खरी लढत झाली ते दोघंही पक्षाच्या जिन्यानं वर आलेले नव्हते. दोघांच्या मागे कर्ज, ठेव आणि गावातली शाखा होती. शाखेच्या व्यवस्थापकाला कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाची विहीर आटलीय आणि कुणाचा हप्ता थकलाय हे बूथ एजंटाच्या आधी कळतं. जुन्या काँग्रेसकडे हे सगळं एकेकाळी होतं. सोसायट्या, कारखाने, जिल्हा बँक यांतूनच ती उभी राहिली. ते सुटत गेलं आणि उरली निष्ठा. काकासाहेबांनी गमावलेली जमीन भाषणातून परत मिळणारी नव्हती.

त्यामुळं लोकांच्या मनाचा ठाव घेणारा नवखा उमेदवार म्हणजे रस्त्यावरचा फाटका माणूस, ही कल्पना सीमाभागात चालत नाही. अमेरिकेत मात्र 2018 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका मतदारसंघात दहा वेळा निवडून आलेल्या जो क्राउली यांना अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ या तरुणीनं प्रायमरीत हरवलं, तेव्हा ती काही महिन्यांपूर्वीपर्यंत हॉटेलात दारू ओतून द्यायचं काम करत होती. त्या प्रायमरीत दोघांना मिळून तीस हजारांहून कमी मतं पडली होती. क्राउली पुढच्या फळीतले नेते होते, पण मतदारसंघातल्या लोकांनी त्यांना पाहिलं नव्हतं, एवढं पुरेसं ठरलं. 2025 च्या जूनमध्ये त्याच शहरात महापौरपदाच्या प्रायमरीत झोहरान ममदानींनी माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंना मागे टाकलं, आणि कुओमो तरीही अपक्ष म्हणून रिंगणात राहिले. हरलेल्या प्रस्थापिताला हार मान्य नसते, हे तिकडंही तसंच. पण तिकडे पक्षाचा सदस्य म्हणून नोंदवलेला साधा माणूस आत जाऊन मत देतो. आपल्याकडे तो दार बंद असलेल्या खोलीच्या बाहेर, बी फॉर्मची वाट बघत असतो.

एकदा ते दार किलकिलं झालं होतं. 2014 च्या लोकसभेआधी राहुल गांधींनी पंधराएक मतदारसंघांत काँग्रेसच्या अंतर्गत निवडणुका घ्यायचं ठरवलं. महाराष्ट्रात त्यात वर्धा आणि लातूर होतं, कर्नाटकात दक्षिण कन्नड आणि बेंगळुरू उत्तर. वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघेंचे चिरंजीव सागर मेघे जिंकले, दक्षिण कन्नडमध्ये जुने जनार्दन पुजारी. म्हणजे दार उघडलं आणि आत जे बसले होते तेच बाहेर आले. या चार मतदारसंघांतल्या विजेत्यांपैकी कुणीही पुढं लोकसभेत पोहोचलं नाही, आणि प्रयोगाचं नाव नंतर कुणी घेतलं नाही. मतदार कोण हे पदाधिकारीच ठरवत असतील तर मतपेटी कितीही पारदर्शक असली तरी काय उपयोग?

बेळगावला हा प्रश्न विचारायचा असेल तर रामलिंग खिंड गल्लीतल्या रंगुबाई पॅलेसच्या पायऱ्या चढाव्या लागतात. महाराष्ट्र एकीकरण समितीची किती भांडणं तिथं झाली आणि मिटली, त्याची मोजदाद नाही. सीमाभागात समितीएवढी उमेदवारीवरून भांडणारी दुसरी संघटना नसेल, आणि हे मी कौतुकानंच म्हणतोय. कारण समितीला श्रेष्ठी नाहीत. दिल्लीला जाऊन कुणाच्या दारात थांबायचं नाही. गल्लीचे पंच, गावचे कार्यकर्ते, मध्यवर्ती, शहर आणि तालुका समित्या, सगळे एकमेकांना ओळखतात आणि एकमेकांचे नातेवाईक असतात. इच्छुकांकडून अर्ज मागवायचे, निवड कमिटी नेमायची, तिनं चर्चा करून किंवा मतं घेऊन नाव ठरवायचं. पुस्तकात वाचलेल्या प्रायमरीच्या जवळ जाणारं आपल्याकडे काही असेल तर हेच.

पण कमिटीचा निकाल न मानणाऱ्याला अडवणारं काहीच नाही. समिती मान्यताप्राप्त पक्ष नसल्यामुळं तिचा प्रत्येक उमेदवार सरकारदरबारी अपक्ष. चिन्ह दर वेळी नवं. त्यामुळं समितीचा अधिकृत उमेदवार आणि रुसून उभा राहिलेला, दोघं यंत्रावर सारखेच दिसतात. या अपक्षपणाचा समितीनं एकदा शस्त्र म्हणून वापर केला होता. 1996 च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी इतके अर्ज भरले गेले की बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार झाले. मतपत्रिकेची वही झाली. त्याच वर्षी लोकसभेची अनामत 500 रुपयांवरून 10 हजारांवर गेली. नलगोंड्याच्या 480 उमेदवारांबरोबर त्याचं श्रेय बेळगावलाही द्यावं लागेल. हसू येतं, पण पुढं तेच शस्त्र समितीच्या पायावर पडत गेलं.

2018 चं खानापूर घ्या. काँग्रेसच्या अंजली निंबाळकर 36,649 मतं घेऊन जिंकल्या. समितीचे मावळते आमदार अरविंद पाटील आणि समितीच्याच दुसऱ्या गटाचे विलास बेळगावकर यांना मिळून 44 हजारांच्या वर मतं पडली. बादल्यांबद्दलचा माझा आक्षेप इथं थोडा सैल करतो, कारण या दोन बादल्या एकाच विहिरीतून भरल्या होत्या. बेळगाव दक्षिणमध्येही दोन याद्या होत्या. तिथं भाजपचे अभय पाटील 58,692 मतांच्या फरकानं जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावरही समिती नव्हती, काँग्रेस होती. पाच वर्षांपूर्वी हीच जागा संभाजी पाटलांनी समितीसाठी जिंकली होती. 2013 ला दोन आमदार, 2018 ला शून्य.

मग 2021 आलं. खासदार सुरेश अंगडी 2020 च्या सप्टेंबरमध्ये कोरोनानं गेले, आणि एप्रिलमध्ये पोटनिवडणूक लागली. समितीनं पंचविशीतल्या शुभम शेळकेंना उभं केलं. ते युवा समितीतले. मध्यवर्तीच्या बैठकीत मागच्या सतरंजीवर बसणारी, फोनवर व्हिडिओ करणारी ही पोरं. निकाल लागला तेव्हा भाजपच्या मंगला अंगडी 5,240 मतांनी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींच्या पुढं होत्या आणि शेळकेंच्या पदरात 1,17,174 मतं होती, विजयी फरकाच्या बावीसपट. ते जिंकणार नाहीत हे मतदाराला माहीत होतं. तरी ती मतं पडली. माझ्या मते त्या मतांत अंगडींना किंवा जारकीहोळींना जेवढं उत्तर होतं, तेवढंच समितीच्या जुन्या बैठकीलाही होतं. 'आमच्या वयाचा द्या, आम्ही येतो', एवढाच त्याचा अर्थ. तो अर्थ समिती चार महिन्यांतच विसरली. सप्टेंबरमध्ये महापालिकेची निवडणूक पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर झाली. 58 पैकी भाजप 35. ज्या सभागृहानं 2005 मध्ये महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला आणि त्यापायी महापौर विजय मोरेंना बेंगळुरूत काळं फासून घ्यावं लागलं, त्या सभागृहात समिती बोटांवर मोजण्याइतकी उरली.

या पराभवातूनच 2023 चे रमाकांत कोंडुसकर आले. दक्षिणमध्ये समितीच्या निवड कमिटीनं त्यांच्या नावावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हा जुन्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांच्या भुवया वर गेल्या. त्यांचं घडणं समितीच्या बैठकीत झालेलं नव्हतं. ते श्रीराम सेनेतून आलेले, पुढं श्रीराम सेना हिंदुस्थान ही स्वतःची संघटना काढलेले. भगवा फेटा, रात्रीअपरात्री मदतीला धावणारी पोरं, गल्लोगल्ली ओळख. समितीची जुनी मांडणी भाषेची. दाजिबा देसाई, एन. डी. पाटील अशा डाव्या विचारांच्या माणसांनी ती भाषा आणि लोकशाही या दोन खांबांवर उभी केली होती. 17 जानेवारी 1956 चे हुतात्मे, 1 जून 1986 चे कन्नडसक्तीविरोधातले हुतात्मे, हे तिचं पंचांग. त्या पंचांगात कोंडुसकरांची तिथी बसत नव्हती.

पण शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळच्या गल्ल्यांत काय घडत होतं ते जुन्या मंडळींना उशिरा दिसलं. मराठी तरुण 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत सायकल घेऊन येत होता आणि मतदानाला कमळाकडे जात होता. भाषेचा मुद्दा त्याच्या मनात होता, पण त्याच्या शेजारी धर्माचा मुद्दाही होता, आणि दुसऱ्याला उत्तर फक्त भाजपकडे होतं. भरीस भर म्हणून शिवाजी महाराजही आता समितीपुरते उरले नव्हते. 2023 च्या मार्चमध्ये राजहंसगडावरच्या पुतळ्याचं अनावरण दोनदा झालं, आधी मुख्यमंत्री बोम्मईंच्या हस्ते, तीन दिवसांनी काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकरांच्या पुढाकारानं. मग समितीनं तिसरा कार्यक्रम केला, दुग्धाभिषेकाचा. एका पुतळ्याला तीन मालक. अशा वेळी कोंडुसकर उभे राहिले तेव्हा त्या तरुणाला पहिल्यांदा दोन्ही गोष्टी एकाच नावात मिळाल्या. अभय पाटील जिंकले, पण 77,094 विरुद्ध 64,786. फरक 58 हजारांवरून 12,308 वर आला. काँग्रेस मागे पडली. त्या वर्षी समितीचे पाच उमेदवार होते, पाचही हरले, आणि जिंकण्याच्या सर्वांत जवळ गेला तो हा बाहेरचा माणूस.

याचा आनंद मानायचा की काळजी करायची, यावर माझं मत मी लपवत नाही. मला काळजी वाटते. भाजपला भाजपच्याच मैदानात गाठून समितीनं मतं मिळवली, पण ते मैदान समितीचं नव्हे. सीमाभागात मराठी बोलणारा मुसलमान आहे, जैन आहे, ख्रिस्ती आहे. बोरगाव-निपाणी पट्ट्यात तर जैन समाज राजकारणाच्या मध्यभागी आहे. भाषेच्या छत्रीखाली हे सगळे येतात. छत्रीचा रंग बदलला की काहीजण भिजत बाहेर उभे राहतात. पण ज्यांनी वीस वर्षं निवड कमिटीत त्याच सात-आठ नावांची चक्राकार अदलाबदल केली, त्यांना कोंडुसकरांवर बोट ठेवायचा हक्क कमी आहे, हेही खरं. दार उघडलं नाही तर माणूस खिडकीतून येतो, आणि खिडकीतून कोण येईल हे घरमालकाला निवडता येत नाही.

निपाणी आणि बेळगाव यांच्यामध्ये महामार्गानं पाऊणशे किलोमीटर. तवंदी घाट, संकेश्वर, यमकनमर्डी, काकती. 2024 ला या रस्त्याच्या दोन्ही टोकांना लोकसभेत वेगळंच झालं. चिकोडीत अण्णासाहेब जोल्लेंना सत्तावीस वर्षांच्या प्रियांका जारकीहोळींनी 90,834 मतांनी हरवलं. उमेदवार नवी, आडनाव जुनं, मंत्री सतीश जारकीहोळींची मुलगी. नवखेपणाला घरचा बी फॉर्म असला की वाट किती सरळ होते ते दिसलं. बेळगावात समितीनं महादेव पाटलांना उभं केलं. त्यांना पडलेली मतं शेळकेंच्या एक लाख सतरा हजारांच्या जवळपासही नव्हती. तीन वर्षांत ती लाखभर माणसं कुठं गेली? गावातच आहेत. 1 नोव्हेंबरच्या फेरीत बघा, दिसतील.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला, म्हणजे समितीवाल्याला, मतदारसंघातले दहा लागतात. त्या दहा सह्यांच्या कागदाला बेळगावात बी फॉर्मपेक्षा जास्त मान असायचा; कोणत्या गल्लीचे पंच सूचक आहेत यावरून उमेदवाराचं वजन ठरायचं. पुढच्या वेळी तो कागद भरला जाईल तेव्हा मी नाव कुणाचं ते नंतर बघेन. आधी बघेन ते दहा जणांचं वय.